डबीवरच्या आईचा कौल

आमच्या ह्यांना रिकामं बसवत नाही, आणि मनासारखं काम हाती आलं की धड जेववत नाही. या दोहोंच्या मधे जी थोडी शांतता मिळते तेवढ्यात मी घर चालवते. ठाण्यात जांभळी नाक्याच्या मागल्या गल्लीत आमचं पुढे दुकान आणि मागे बिऱ्हाड, मधे फक्त एक पडदा. त्यामुळे ह्यांची येरझार मला फोडणी देतानासुद्धा ऐकू येते, आणि आज माणूस कोणावर चिडलाय हे मी पावलांवरून सांगू शकते.

ही गोष्ट घडली त्या सालात बहुधा स्वतःवरच चिडलेले असायचे. सोनार तसे गल्लोगल्ली आहेत, पण ह्यांचं काम मीन्याचं. रंगीत काच खलात पाण्याबरोबर वाटायची, सुईच्या टोकाने सोन्यावर भरायची आणि भट्टीत वितळवून सोन्याशी एकजीव करायची. माझ्या सासऱ्यांनी एका संस्थानिकाकडे जन्मभर हेच केलं. पानाचे डबे, अत्तरदाण्या, तलवारीच्या मुठी. हेही तिथेच शिकले. मग स्वातंत्र्य आलं, संस्थानं विलीन झाली, राजेसाहेब मुंबईला फ्लॅटात राहायला गेले आणि आम्ही ठाण्याला आलो. आता तांब्यावर शाळांचे बिल्ले करायचे. निळ्या जमिनीवर पांढऱ्या अक्षरांत 'वर्गप्रमुख'. घर चाललं होतं, माझी तक्रार नव्हती. पण हे त्या बिल्ल्यांकडे असे बघायचे, की वाटावं त्या वर्गप्रमुखाने ह्यांच्या कानाखाली वाजवलीय.

संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी कळव्याचे दामाजी पाटील दुकानात आले. आगरी माणूस, खाडीकाठी स्वतःची मिठागरं, आवाज असा की पलीकडच्या वाण्यालाही भाव कळावा. बरोबर त्यांची म्हातारी आई आवडाबाई, आणि म्हातारीला धरून तिची नात शेवंती. शेवंतीचा बाप, म्हणजे दामाजींचा धाकटा भाऊ, ती रांगत असतानाच वारला. पोर काकाच्या घरी वाढली. वैशाखात तिचं लग्न घाटत होतं. मुलगा डोंबिवलीजवळच्या कोपरचा, पंढरी नावाचा, कल्याणच्या रेल्वे यार्डात फिटर. त्याचं नाव निघालं की पोरगी पदराचं टोक चावायची. तिला कोणी काही विचारत नव्हतं, पण तिच्या मनातलं सगळ्यांना दिसत होतं.

आवडाबाईने कमरेची गाठ सोडून लाल फडक्यात बांधलेली वस्तू काढली, कपाळाला लावली आणि ह्यांच्या पुढ्यात ठेवली. तळहाताएवढी सोन्याची डबी. झाकणावर हळदकुंकवाचा थर होता. ह्यांनी ओल्या कापसाने तो हळूच टिपला आणि खालून एका गोऱ्या बाईचा चेहरा वर आला. निळी शाल, उघडे खांदे, गालांवर गुलाबाची लाली, आणि सगळं मीन्यात, सोन्यावर पांढरी जमीन चढवून तिच्यावर केसाएवढ्या रेषांनी रंगवलेलं. ह्यांचा श्वास अडकला ते मी पडद्याआडून ऐकलं.

"आमची खाडीआय," दामाजी म्हणाले. "माजे आज्याला मिठागराचे चिखलान गावली. चिखलान राहून गंज नाय, चेहरा तसाच. मंग त्यानी देव्हाऱ्यान बसवली."

ह्यांनी डबी उलटी केली, बिजागरी पाहिली, झाकण उघडून आत नाक घातलं. ह्यांना गप्प बसणं जन्मात जमलेलं नाही. म्हणाले, "पाटील, ही तपकिरी..."

मी पडदा सारून चहा घेऊन पुढे आले आणि कपबशी अशी आपटली की पुढचं वाक्य त्यातच बुडालं. तपकिरीची डबी आहे हे मलाही कळलं होतं. पण आपण सुपारी मांडतो आणि तिला गणपती म्हणतो, तेव्हा ती सुपारी कुठल्या बागेतली असं विचारतो का? देव्हाऱ्यात बसली की देवी.

दुखणं असं होतं, की दर दसऱ्याला आईला चिंच लावून घासायची त्या घराची रीत. तीन पिढ्यांच्या चिंचेने मीन्याचं पाणी उतरलं होतं. एक डोळा जवळजवळ पुसला होता. आणि डाव्या खांद्याचा टवका उडून तिथे खडबडीत जमीन उघडी पडली होती.

"आयचा डोला गेला, बाबा," आवडाबाई म्हणाली. "पोरीचा कौल लावायचाय. त्याचे आदी आयला डोला दे."

कौल म्हणजे काय ते मी तिला विचारलं, कारण आमच्याकडे ती पद्धत नाही. तिने दाखवलंच. डबी उघडली की झाकण उभं राहायचं आणि आई समोर बघायची. मग तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून तिच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर आईचा होकार, डावी पडली तर नकार. त्या घरातलं प्रत्येक लग्न आईला विचारून झालं होतं.

"मना पन आयनीच या घरान आनली," आवडाबाई सांगू लागली. ह्यांचं लक्ष भिंगात होतं, त्यामुळे ती माझ्याशीच बोलत होती. "माजा बाप मना देयाला तयार नव्हता. दुसरेपनाचा नवरा, त्यान तापट. बाप बोल्ला, तुमचे आयनी उजवा दिला तरच देतंव. आयनी दिला. मंग काय." ती थोडी हसली. "लय मार खाल्ला गो बाय मी. पन जवा जवा रडू आला तवा आयकरं बघला. मी बोल्ली, तूच आनलीस ना मना, मंग तूच बघ. त्याचेवर दिस काढले."

तिच्या डाव्या मनगटाचं हाड वाकडं बसलेलं होतं. मी तिला आणखी एक कप चहा दिला.

त्या दिवसापासून आमच्या घरात वर्गप्रमुखांना कोणी वाली उरला नाही. शाळांचे निरोप यायचे, हे ऐकायचेच नाहीत. बिजागरीची खीळ काढून झाकण सुटं केलं आणि मग नुसते त्याच्याभोवती फिरत राहिले. भीती रास्त होती. नवा रंग पक्का करायचा तर अख्खं झाकण पुन्हा भट्टीत घालायला हवं, आणि जुन्या कारागिराने कुठला रंग किती आचेवर धरला होता हे सांगायला तो थोडाच येणार. आच जरा जास्त झाली की जुना गाल काळा पडायचा. झाकण गरम असताना वारा लागला की अंगभर तडे. हे आंघोळ अर्धी सोडून उठायचे, ओल्या अंगाने भिंगातून बघून परत जायचे. मला म्हणायचे, "अगं, त्याने लाल कशाने आणलाय कळत नाही." मी म्हणायचे, "मला आमटीला तिखट किती घालायचं ते विचारा, तेवढंच कळतं." एकदा तर ताटावरून उठून गेले, आणि मी रागाने ते ताट तसंच झाकून संध्याकाळी पुढ्यात ठेवलं. ते त्यांनी निमूट खाल्लं. शिळं आहे हे कळलंसुद्धा नाही.

पांढरा आधी चढवला. मग लवंगेच्या तेलात घोटलेले रंग, एकेक हात देऊन प्रत्येक वेळी भट्टी. झाकण आत गेलं की हे मला पडद्याच्या फटी धरून उभं करायचे, वारा नको म्हणून. लालभडक झालेल्या झाकणावर रंग आधी खरखरीत दिसायचा आणि मग एका क्षणी पाणी धरायचा, चकचकीत व्हायचा. त्याच क्षणी बाहेर. मी देवाचं नाव घेत होते, कुठल्या देवाचं ते विचारू नका. बहुतेक त्याच बाईचं.

शेवटी ती भट्टीतून बाहेर आली, राखेच्या उबेत हळूहळू निवली, आणि दोन्ही डोळ्यांनी आमच्याकडे बघू लागली. डावा खांदा कुठे संपत होता आणि ह्यांचा कुठे सुरू होत होता हे मला शोधून सापडेना. फक्त नवा भाग जुन्यापेक्षा जास्त तेजाळ होता. ह्यांनी त्यावर पाण्याचा थेंब सोडला तर तो क्षणभरही न थांबता ओघळून गेला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांना असं सुखाने बसलेलं मी तेव्हाच पाहिलं. मला फार बरं वाटलं, खरंच सांगते.

फाल्गुनात कौल लावायचं ठरलं आणि आम्हाला मानाचं बोलावणं आलं. खाडी ओलांडून आम्ही कळव्याला गेलो. पाटलांच्या पडवीत कोपरची मंडळी बसली होती, पंढरी नवीन सदऱ्यात अवघडून. बायकांनी आईचा उजळलेला चेहरा पाहून कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली. शेवंती दाराआड उभी होती, अगदी निर्धास्त. असणारच. त्या घरात आईने लग्नाला कधी नाही म्हटल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

आवडाबाईने पाकळ्या लावल्या, हात जोडले, प्रश्न विचारला. डावी पाकळी सरळ खाली आली.

म्हातारीने पाकळ्या उचलल्या. पुन्हा लावल्या. पुन्हा डावी. तिसऱ्यांदा तर उजवी जागची हललीसुद्धा नाही. कोपरचा एक म्हातारा उठून चपला शोधू लागला. दामाजी त्याला बसा बसा म्हणत होते, पण त्यांचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. मी ह्यांच्याकडे बघितलं. घाम फुटला होता. मला म्हणाले, "चल." पानावर बसायलाही थांबले नाहीत.

नाव अर्ध्या खाडीत आल्यावर म्हणाले, "डाव्या खांद्यावर टवका होता, तिथे पाकळी धरून राहायची. उजवा गुळगुळीत, म्हणून उजवी आधी घसरायची. दर वेळी. कोणीही लावली तरी. आता मी डावा उजव्यापेक्षा गुळगुळीत केलाय."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. मग म्हटलं, "तिथेच का नाही बोललात?"

"काय बोलू? भरल्या पडवीत त्यांच्या देवीला घसरगुंडी म्हणू?"

तेही खरंच होतं. मला आवडाबाईचं वाकडं मनगट आठवलं आणि मी म्हटलं, "मग आता तोंडाला कुलूप. त्या म्हातारीसमोर तर एक शब्द काढायचा नाही." ह्यांनी मान हलवली, पण ह्यांच्या मान हलवण्याला काही अर्थ नसतो.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. हे बिल्ले करायला बसायचे आणि निळ्यावर पांढऱ्याऐवजी पांढऱ्यावर निळं करून ठेवायचे. गल्लीच्या तोंडापर्यंत जायचे, परत यायचे. मासळी घेऊन येणारी जनाबाई कळव्याच्या बाजूचीच, ती बातम्या आणायची. पाटलांकडे कौलाचा नुसता सपाटा चालला होता. बैल घ्यायचा का, आई नाही म्हणाली. घरावरची कौलं बदलायची का, नाही. मिठागराचा बांध घालायचा का, नाही. दामाजी हात बांधल्यासारखे बसून होते. कोपरच्या लोकांनी चैत्र संपेपर्यंत वाट बघू असं कळवलं होतं, नाहीतर पंढरीला दुसरीकडून मुली सांगून येत होत्या. आणि शेवंती जेवत नव्हती.

चैत्रातल्या एका दुपारी आवडाबाई आणि शेवंती दोघीच आल्या. दामाजींना न सांगता आल्या होत्या. पोरीचं तोंड इतकंसं झालं होतं. म्हातारीने तेच लाल फडकं सोडलं आणि डबी ह्यांच्याकडे सरकवली.

"आय रागावली," ती म्हणाली. "तिचा रूप बदलला ता तिला नाय आवडला. जशी व्हती तशी कर बाबा. डोला नको, खांदा नको. होता तसा टवका ठेव."

मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. आपसूक तोड निघाली होती. ह्यांनी टाकणीचा, म्हणजे त्या बारीक छिन्नीचा, एक घाव घालायचा, टवका उडवायचा, की उजवी पाकळी पुन्हा पडायला मोकळी. पोरीला पंढरी मिळेल आणि म्हातारीची आई तिच्यापाशी राहील. जाणार काय, तर ह्यांनी केलेलं काम. काम पुन्हा करता येतं. असं मला वाटत होतं. ह्यांना काय वाटत होतं ते मला दिसत होतं.

ह्यांनी टाकणी घेतली. झाकण लाखेच्या गादीवर टेकवलं. टाकणीचं टोक बरोबर डाव्या खांद्यावर धरलं, हातोडी उचलली आणि तशीच धरून राहिले. मी मनात म्हणत होते, मारा, एकदाचा मारा. हातोडी खाली आली ती चौरंगावर, आवाजही न करता.

"आजी, आई रागावलेली नाही," हे म्हणाले.

मी डोळे वटारले. खाकरले. पडदा ओढला. काही उपयोग झाला नाही. हे उठले, देव्हाऱ्यातल्या परडीतून तगर घेतली, झाकण उभं करून दोन्ही पाकळ्या लावल्या आणि स्वतःचंच नाव घेऊन मोठ्याने विचारलं, "आई, परशुराम सोनाराने धंदा सोडून गाढवं राखावीत का?" डावी पडली. पुन्हा लावल्या. "मग आई, परशुराम सोनाराने गाढवं राखू नयेत का?" डावी पडली.

शेवंती खुदकन हसली आणि लगेच तिने तोंडावर हात घेतला. पोरगी हुशार, तिने पुढे होऊन स्वतःच्या बोटाने दोन्ही खांदे चाचपले. मग तिने स्वतः पाकळ्या लावून पाहिल्या. काहीच विचारलं नाही. डावी पडली.

"आदी इकरं खरखरीत व्हता," ती हळूच म्हणाली. "म्हनून उजवी परायची?"

"हो," हे म्हणाले. "टवका होता तोवर दुसरं काही होणंच शक्य नव्हतं."

आवडाबाई झाकणाकडे बघत होती. मला वाटलं होतं ती चिडेल, शिव्या देईल, देवीचा अपमान केला म्हणून तळतळाट करेल. मी तर म्हणेन तसं झालं असतं तर बरं. तिने फक्त विचारलं, "टवका कवाचा?"

"ते मला कसं माहीत, आजी? तुमच्या घरात तुम्हालाच ठाऊक."

"माजी सासू सांगायची," ती सावकाश म्हणाली, "ती नवी नवरी व्हती तवा तिचे हातून आय परली. तवाच टवका उराला." मग ती काही हिशोब करावा तशी थांबली. सासू नवरी असताना. म्हणजे हिचा कौल लागला त्याच्या कितीतरी आधी.

मला ह्यांच्या टाळक्यात ती हातोडी घालावीशी वाटली. अहो, एका खांद्याचा टवका तो, उडवला असता तर काय आभाळ कोसळलं असतं? त्या बाईने ज्याच्यावर जन्म काढला ते ह्यांनी दोन गाढवांच्या प्रश्नात संपवलं. हे आता खाली बघत उभे होते. चेहऱ्यावर शरम होती, पण बोललेलं परत घेता येत नाही.

"मंजे माजे बापानी आयला इचारला," आवडाबाई म्हणाली, "त्यान आय काय बोल्लीच नाय."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिचा तो वाकडा हात हातात घेतला. तिने घेऊ दिला. बाहेरून कल्हईवाला ओरडत गेला. शेवंती घाबरून आजीकडे बघत होती, मग सवयीने तिची नजर झाकणाकडे गेली, आई काय सांगते ते बघायला.

आवडाबाईने तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "तिकरं नको बघू. माजेकरं बघ. तुना त्या पंढरीचे घरान जायचाय?"

शेवंतीला हा प्रश्न कधी कोणी घातला नव्हता. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे, जसं काही उत्तर आमच्यापैकी कोणाकडे ठेवलेलं होतं.

"जायचाय," ती म्हणाली.

"मंग जाशील. दामाजीला मी सांगतंव."

आवडाबाईने डबी बंद केली, फडक्यात गुंडाळली, पण कपाळाला लावली नाही. कमरेला खोचताना तिचा हात क्षणभर तिथे थांबला. मग ती कोणाशी नाही, आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मना कोनी असा इचारला असता, त मी 'नाय' बोल्ली असती."